नंदीवरची एक्स-रे मशीन

एक्स-रे मशीन बंद पडली की प्रफुल पहिली शिवी भिंतीला देत असे. भिंतीचा गुन्हा एवढाच, की ती मशीनच्या मागं उभी होती, आणि मशीनचं सगळं काळीज मागं होतं. फ्यूज मागं, बोर्ड मागं, झाकण मागं, झाकणाचे स्क्रूसुद्धा मागं. मग पुढं काय होतं, तर कंपनीचं नाव. तेही एवढं मोठं, की मोतीबिंदूच्या पेशंटनं दारातूनच वाचावं.

मशीन म्हणजे एक लोखंडी कपाट. कपाटातून जाड वायर निघते, शेजारच्या खांबावरच्या नळीत जाते, नळीतून किरण येतात आणि खाली टेबलावर झोपलेल्या माणसाचा फोटो निघतो. एवढं समजलं की पुढं काही अडत नाही. प्रफुलच्या डिप्लोम्यात पण एवढंच होतं. मशीन उघडायची कशी, ते तो मोबाईलवर व्हिडिओ पाहून शिकला होता. व्हिडिओतल्या सगळ्या मशिनी हॉलच्या मधोमध उभ्या असतात आणि त्यांच्याभोवती फिरायला जागा असते. आलापल्लीच्या पुढच्या त्या ग्रामीण रुग्णालयातली खोली मात्र कपाट ठेवल्यावर संपत होती. मागच्या फटीत हात जायचा. हातात पेचकस असला की जायचा नाही.

ज्या कोणी ही मशीन बनवली, त्याच्या डोक्यात ती कधी बिघडणारच नव्हती. सोयरीक जुळवणारा माणूस लग्न लागल्यावर त्या घराकडं फिरकत नाही, तसा तो मशीन विकून मोकळा झाला असणार. भोगायला प्रफुल होता.

श्रावणात लाईट वरखाली झाली आणि फ्यूज उडाला. फ्यूज म्हणजे करंगळीएवढी काचेची नळी. पण ती बदलायला कंपनीचा इंजिनिअर नागपूरहून येणार, आणि नदीला पूर आला की इंजिनिअर फोनवर फक्त 'उद्या' म्हणणार. प्रफुलनं मेन स्विच बंद केला, बराच वेळ थांबला, आणि कोपरापर्यंत हात फटीत घातला. गेला. परत येईना. शेवटी नर्सबाईंनी बाळंतिणीच्या वॉर्डातून खोबरेल तेल आणून तो सोडवला. तेवढ्यात सगळी ओपीडी दारात जमा झाली. एकानं विचारलं, "फोटो निघून राह्यला का भाऊचा?"

हात पुसत होता तेव्हाच डॉक्टर खुशबू मॅडम आल्या. दवाखान्याच्या त्याच मुख्य, आणि बहुतेक दिवशी त्याच एकट्या डॉक्टर.

"प्रफुलभाऊ, जिल्ह्यावरून साहेबांचा फोन होता. म्हणतात, तुमची मशीन चालू कमी अन् बंद जास्त. आता अजून एकदा बंद पडली तर मोठ्या दवाखान्यात नेऊन टाकतो."

"नेतील कशी मॅडम? कपाट हलवायला कंपनीचा माणूस लागते, वायरी सोडा, खांब उपटा. ते कोन करते?"

"म्हणून तर अजून इथी आहे," मॅडम म्हणाल्या.

बाहेर बाकावर बुधरीबाई बसली होती. आतल्या गावची म्हातारी. खोकला महिनोन्महिने जात नव्हता, बेडका तपासला तर त्यात काही सापडत नव्हतं, आणि छातीचा फोटो पाहिल्याशिवाय औषध कोणतं सुरू करायचं ते मॅडमना ठरवता येत नव्हतं. फोटोसाठी ती आधी पण येऊन गेली होती. तेव्हा पण मशीन बंद होती.

"बाई, जिल्ह्याले जाता का? चिठ्ठी देतो मी," मॅडमनी विचारलं.

"तिथी नाई जात. झिंगूले तिथी नेलं होतं. जाताना बसून गेला, येताना झोपून आला." झिंगू म्हणजे तिचा नवरा. हे तिनं अशा आवाजात सांगितलं, जशी एसटी पाच मिनिटं उशिरा आली. मग ती खोकली, आणि तो खोकला संपायची सगळ्यांनी वाट पाहिली.

प्रफुलच्या तोंडून निघून गेलं, "पोळा होऊ दे बाई. पोळा झाला की ये. फोटो काढून देतो."

सरकारी माणसानं कोणाला तारीख देऊ नये. सण तर अजिबात देऊ नये. पण दिला.

विचार साधा होता. मागच्या झाकणाचे स्क्रू काढून तिथं बिजागरीचं दार लावायचं, आणि कपाट चाकांवर ठेवायचं. बिघडलं की ओढायचं, फिरवायचं, दार उघडायचं, फ्यूज टाकायचा. चहा गार व्हायच्या आत फोटो सुरू. प्रफुलनं वहीच्या मागच्या पानावर चित्र काढलं. चित्र चांगलं आलं, आणि तिथूनच बिघडत गेलं. चित्र खराब आलं असतं तर तो थांबला असता.

आधी त्यानं रीतसर जिल्ह्याला कळवलं. उलट उत्तर आलं, की चाकांसाठी तीन दुकानांची कोटेशनं जोडा, आणि चाक हे यंत्रसामग्रीत येते की फर्निचरमध्ये ते स्पष्ट करा, कारण फर्निचर बांधकाम खात्याकडं आहे. प्रफुल मॅडमकडं गेला. मॅडम म्हणाल्या, "मी काई ऐकलं नाई. मी ओपीडीत चालली." याला तोंडी परवानगी म्हणतात.

वायर पुरेल तेवढं कपाट चौघांनी पहारीनं पुढं सरकवलं, तेव्हा मागचं झाकण हाताला आलं. झाकणावर एक स्टिकर होता: अधिकृत इंजिनिअरशिवाय कोणीही उघडू नये, वॉरंटी रद्द होईल. वॉरंटी केव्हाच संपली होती, पण स्टिकरचा रुबाब कमी झाला नव्हता. त्याला ब्लेड लावायच्या आधी प्रफुलनं खोलीचं दार आतून लावून घेतलं. घरी येऊन त्यानं हे बायकोला सांगितलं.

सत्यशीला जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, म्हणून तिचे प्रश्न नेहमी गुण देऊन विचारल्यासारखे असतात. "आपल्या कूलरची मोटर उन्हाळ्यापासून उघडी पडून आहे. तिले खोकला नाई, म्हणून राह्यली काय?"

"ते घरचं काम आहे. हे लोकांचं आहे."

"मी लोकातच येतो. मतदान करतो."

स्वतः शिकलेल्या माणसाचं हेच वाईट असतं. सर्टिफिकेट दाखवून कोणाला गप्प करता येत नाही.

शेजारचे हरिदासभाऊ कुंपणापलीकडून सगळं ऐकत होते. गडचांदूरला सिमेंटच्या कारखान्यात जन्म घालवून ते रिटायर झाले होते, आणि कारखान्यातून निघाले तरी कारखाना त्यांच्यातून निघाला नव्हता.

"आमच्या प्लांटमध्ये असं नसे करत, प्रफुल. एकट्या कपाटाले चाक लावशील, कपाट सरकन, खांब तिथीच राहीन. वायर ओढल्या जाईन का नाई? मोटर अन् पंप आम्ही एकाच बेसवर ठेवत होतो. कपाट अन् खांब एकाच बेसवर घे. हलला तं जोडीनं हलन."

सल्ला बरोबर होता, हेच दुर्दैव. हरिदासभाऊंचे बाकीचे सगळे सल्ले चुकीचे असतात. त्यांच्याच सल्ल्यानं प्रफुलच्या अंगणातलं सीताफळ वाळलं होतं आणि मोटारसायकल धूर ओकायला लागली होती. हाही चुकीचा निघाला असता तर प्रफुल वाचला असता. पण वायर खरंच ओढल्या गेली असती. म्हणजे चार चाकं आणि एक फळी एवढं काम होतं, त्याचा आता अख्खा गाडा झाला.

दाराचं काम बिरजूनं केलं. बिरजूचं आलापल्लीत ग्रिल-गेटचं दुकान आहे. झाकण घेऊन गेला, आणि आणलं ते बिजागऱ्या, वर जाडजूड कडी-कोयंडा, आणि कुलूप लावायला भोक.

"कडी कायले बे?" प्रफुलनं विचारलं.

"दार म्हनलं तं कडी लागते भाऊ. ढोरं घुसन."

एक्स-रे मशीनमध्ये ढोरं घुसत नाहीत हे बिरजूला पटवायला जेवढा वेळ लागला असता, तेवढ्यात पोळा निघून गेला असता. प्रफुलनं कडी राहू दिली.

गाड्यासाठी मात्र रामाजी सुतारच पाहिजे होता. लोखंडी चाकानं फरशी फुटते आणि रबरी चाक एवढं ओझं घेत नाही. आणि चाक म्हटलं की त्या पट्ट्यात रामाजी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो, लहान लेकरं लाकडी नंदी ओढत मिरवतात, आणि आजूबाजूच्या गावांतले निम्मे नंदी रामाजीच्या हातचे असतात. त्या दिवसात त्याच्या अंगणात पाय ठेवायला जागा नसते. डोकं नसलेले नंदी एका ओळीत, डोकी दुसऱ्या ओळीत.

रामाजीनं चित्र उलटंसुलटं करून पाहिलं. "वर नंदी नाई?"

"वर मशीन आहे."

"म्हंजे नंदीच. वजन किती?"

प्रफुलनं सांगितलं. रामाजीनं एकदा मान हलवली. "मंग सागाशिवाय नाई टिकनार. माह्या गोठ्याचं लाकूड हाय, यंदा पाडला गोठा. आज्यानं लावलेलं झाड व्हतं. घरचंच हाय."

लाकूड कुठलं, हे प्रफुलनं पुढं विचारलं नाही. त्या भागात कोणी विचारत नाही. पाळणा सागाचा, पाट सागाचा, दाराची चौकट सागाची, कोंबड्यांचा खुराडासुद्धा सागाचा. ज्याच्यावर माणूस जन्मापासून टेकून बसला, त्याला परवानगी लागते हे डोक्यात येतच नाही. वनखात्याच्या हातोड्याचा शिक्का, वाहतुकीचा पास वगैरे लागतो तो ट्रकवाल्यांना, अशी सगळ्यांची समजूत. ती समजूत बरोबर आहे, फक्त कायद्यात तसं लिहिलेलं नाही.

पोळ्याच्या आदल्या दिवशी गाडा आला. भक्कम. चाकं अशी गुळगुळीत, की दोन बोटांनी ढकलावा आणि सरकावा. पण रामाजीचा हात सवयीनं थांबला नव्हता. चारी बाजूंनी पिवळा रंग, त्यावर लाल बुंदक्यांची किनार, आणि पुढं दोरी बांधायला पितळी कडी.

"हे कायले, रामाजीभाऊ?"

"बोडका कसा देऊ? गिऱ्हाईक काय म्हनन?"

सफाई कामगार, ड्रायव्हर आणि दोन पेशंटचे नातेवाईक लावून कपाट आणि खांब गाड्यावर चढवले. नवा फ्यूज घालून मेन चालू केला. मशीन सुरू झाली. आणि जणू तिलाही दाखवायची घाई होती, संध्याकाळच्या आत लाईट पुन्हा वरखाली झाली आणि फ्यूज उडाला. प्रफुलनं मेन बंद केला, नियमाप्रमाणे थांबला, गाडा दाराकडं ओढला, फिरवला, कडी काढली, दार उघडलं, नळी बदलली, दार लावलं. नर्सबाई वॉर्डातून तेलाची बाटली घेऊन निघाल्या होत्या, त्या अर्ध्या वाटेतून परत गेल्या.

प्रफुलच्या नोकरीतली सुखाची वेळ म्हणायची तर ती. फार नव्हती. त्यातली पण निम्मी हरिदासभाऊंनी खाल्ली, कारण ते पाहुण्यांना घेऊन येत आणि "बेसची आयडिया माही होती," असं सांगत कडी उघडझाप करत.

पोळा झाला, तान्हा पोळा झाला, आणि बुधरीबाईच्या आधी अंकुश आला.

अंकुश वनरक्षक. मोटारसायकलवरून पडला, खांदा धरून आला. प्रफुलनं त्याला टेबलावर झोपवलं, मान पलीकडं वळवायला लावली. पलीकडं गाडा होता.

"हलू नका. श्वास घ्या. रोखा."

अंकुशनं श्वास रोखला. डोळे रोखायला कोणी सांगितलं नव्हतं. फोटो निघाला तसा तो पडल्या पडल्या म्हणाला, "प्रफुलभाऊ, हे लाकूड?"

"खांदा दुखते का वर केला की?"

"साग आहे. हातोडा कुठी आहे याच्यावर?"

प्रफुलनं फोटो उजेडात धरला. "हाड बरोबर आहे तुमचं."

"लाकूड बरोबर नाई," अंकुश उठून बसत म्हणाला. त्याचा चेहरा खरोखर उतरला होता. "मले वाईट वाटून राह्यलं भाऊ. तुम्ही माहा फोटो काढला. पन आता मी पाह्यलं. पाह्यलं नसतं तं गोष्ट वेगळी होती. माह्यावर पन कोनी पाहून राह्यलं असते."

"बाहेरच्या बाकाखाली वाकून पाहा, तो पन सागाचाच आहे."

"मी बाकावर बसलो होतो. झोपलो नव्हतो."

दुसऱ्या दिवशी वनखात्याच्या रेंजचे साहेब आले. खाकी, शांत, चष्मा लावलेला माणूस. आरडाओरडा केला असता तर भांडता तरी आलं असतं. त्यांनी गाड्याला दोन चकरा मारल्या, एका चाकावर बोट फिरवलं, आणि खरोखर कौतुकानं म्हणाले, "काम सुंदर आहे." मग म्हणाले, "बिगर शिक्क्याचा माल आहे. अन् याला चाकं आहेत, म्हणजे हे वाहन झालं. मालासकट वाहन जप्त होते."

"साहेब, हे उपचाराचं साधन आहे," खुशबू मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, बैलगाडी पन शेतीचं साधन आहे. ती पन जप्त करतो आम्ही."

"मग मशीन काय आहे तुमच्या हिशेबानं? माल का वाहन?"

साहेब थोडे अडकले. मशीन लाकडावर आहे म्हणून ती माल, की लाकूड मशीनखाली आहे म्हणून ते माल, यावर दोन्ही खात्यांची थोडी चर्चा झाली. शेवटी ठरलं की दोन्ही मिळून मुद्देमाल. पंचनामा झाला. पंच म्हणून हरिदासभाऊंनी सही केली, कारण ते तिथं उभेच होते. बेसची आयडिया कोणाची, हे मात्र त्या दिवशी त्यांनी सांगितलं नाही. गाडा जिथल्या तिथं दवाखान्याच्या ताब्यात दिला: हलवायचा नाही, वापरायचा नाही. चारी चाकांतून सुतळी ओवली, गाठीवर लाल लाखेचं सील मारलं. बिरजूची कडी समोर दिसली, म्हणून सुतळी तिच्यातूनही नेली.

बुधरीबाई सांगितल्याप्रमाणे आली. बस बिघडली होती म्हणून अर्धी वाट चालत. धापा टाकत दारात उभी राहिली आणि पिवळा रंग, लाल किनार, सुतळी, लाख, सगळं नीट पाहून तिनं हात जोडले.

"पूजा बांधली का?"

"नाई बाई. जप्त आहे."

"बिघडली?"

"नाई. चांगली आहे."

"मंग काढ ना फोटो."

मशीन बंद आहे म्हणून परत जा, हे वाक्य प्रफुलला पाठ होतं. मशीन चालू आहे म्हणून परत जा, हे त्याला कधी म्हणावं लागलं नव्हतं. शेवटी तो म्हणाला, "थोडे दिवस थांब. मी सोडवून आणतो."

सोडवून आणायला तो रेंज ऑफिसला किती वेळा गेला हे सत्यशीलाला माहीत आहे, कारण पेट्रोलवरून ती बोलली. लाकूड रामाजीच्याच शेतातलं आहे याचा पुरावा पाहिजे होता. तलाठी म्हणाला, झाडाची नोंद असेल तर देतो. नोंद नव्हती. मग झाड दाखवा. पण झाड होतं याचा पुरावा म्हणजे झाड, आणि झाडाचा गोठा झाला होता, गोठ्याचा गाडा. रामाजी दोनदा सोबत आला. तिसऱ्यांदा त्यानं घरातूनच सांगितलं, "भाऊ, माह्या घराच्या छपराची म्याल पन सागाची हाय. त्याईनं वर पाह्यलं तं?" त्याचं बरोबर होतं. प्रफुल एकटाच गेला.

महिना संपला. त्या महिन्यात किती फोटो काढले, याचा आकडा जिल्ह्याला गेला. त्यात अंकुशचा खांदा होता, आणि त्याच्या आधीचे थोडे. त्यानंतर काही नाही.

जिल्ह्याचे साहेब स्वतः आले, सोबत मोठी गाडी घेऊन. प्रफुलनं मनात उत्तर तयार ठेवलं होतं, की मशीन बंद नाही, जप्त आहे, आणि तुम्ही 'बंद पडली तर' म्हणाला होता. साहेबांनी ते ऐकलं की नाही कोण जाणे. ते गाड्याभोवती फिरत होते.

"हे कोनी केलं?"

"मी, सर."

"कपाट, खांब, सगळं एकत्र? सरकते?"

"हो सर. दुरुस्तीले सोपं जावं म्हणून. दार इकडं केलं, म्हणजे इंजिनिअरची वाट पाहायची गरज..."

"वा," साहेब म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा कोणत्या तरी साहेबानं प्रफुलला मनापासून वा म्हटलं. "मी केव्हाचा म्हणून राह्यलो ही मशीन न्यायची. पन कंपनीचा माणूस बोलवा, सोडा, जोडा. आता काय, ढकलत गाडीत चढवायची. शाबास."

प्रफुलनं मशीन दुरुस्त करायला सोपी केली होती, न्यायला नाही. पण चाकाला त्यातला फरक समजत नाही.

"सर, ती जप्त आहे. हलवता येत नाई," तो म्हणाला. ज्या सीलच्या नावानं त्यानं इतके दिवस बोटं मोडली, त्याच्याच आडोशाला उभा राहिला. साहेबांनी फोन लावला. रेंजच्या साहेबांना म्हणाले, सरकारी कामाला पाहिजे आहे. लाकूड सरकारजमा झालं, सरकारच्या एका खात्यानं दुसऱ्याला दिलं, आणि चहा प्यायच्या आत पास तयार झाला: सागवान गाडा, एक नग, वरील सामानासह. जो पास मशीन राहावी म्हणून महिनाभर मिळाला नाही, तो मशीन जावी म्हणून अंकुश मोटारसायकलवर आणून देऊन गेला. खांदा बरा होता त्याचा. प्रफुलच्या डोळ्याला डोळा मात्र त्यानं दिला नाही.

सील तोडलं. चार जणांनी गाडा ढकलला. प्रफुलला वाटलं, निदान उंबरठ्याशी तरी अडकेल. नाही अडकला. खांबावरची वायर चौकटीला गुंतत होती, ती तुटली असती, म्हणून प्रफुलनंच पुढं होऊन ती सोडवली. टेबल फरशीत बोल्टनं घट्ट होतं, त्याला चाकं लावायचं कोणाला सुचलं नव्हतं, म्हणून तेवढं राहिलं.

घरी सत्यशीलानं कूलरचं नावसुद्धा काढलं नाही. हे फार वाईट होतं. जेवण झाल्यावर एवढंच म्हणाली, "बुधरीबाईचं काय?"

बुधरीबाईचं असं झालं, की ती आली, रिकामी खोली पाहिली आणि बाकावर बसली. आता चालताना पण खोकत होती. खुशबू मॅडम तिच्यासमोर खाली बसून बराच वेळ समजावत राहिल्या. ती ऐकत होती आणि मान हलवत होती, हो म्हणून नाही, नुसती. मग तिनं प्रफुलकडं बोट केलं. "हा येन तं जाईन. यानं फोटो देतो म्हनलं व्हतं."

पहिल्या बसनं दोघं निघाले. ती खिडकीशी बसली. रस्त्यात एकदा म्हणाली, "झिंगू पन याच बाजूनं बसला व्हता." प्रफुल तिला सांगत राहिला, की बाई, ती आपलीच मशीन आहे, तिथं गेली म्हणून काय झालं, मी ओळखतो तिला, आणि बिघडली तर मला उघडता येते.

मोठ्या दवाखान्यात रांग होती. नंबर आला तर एक्स-रेच्या खोलीचं दार अर्धं लोटलेलं. आत अजय नावाचा टेक्निशियन खुर्चीवर बसून मोबाईल पाहत होता.

"बंद आहे. कालपासून. जुनी तं ही आल्यावर भंगारात काढली. कंपनीले कळवलं."

प्रफुलनं आत पाहिलं. पिवळ्या रंगाचा गाडा, लाल किनार. ओळखीचा माणूस गर्दीत दिसावा तसं त्याला झालं. आणि मग नीट पाहिलं. कपाट भिंतीला चिकटवून ठेवलं होतं. कंपनीचं नाव दारातून येणाऱ्याकडं. पाठ भिंतीला. चारी चाकांना विटा लावून वरून सिमेंट भरलेलं.

"भाऊ, हे उलटं ठेवलं तुम्ही. दार मागं आहे तिचं."

"उलटं कसं? नाव पुढं पाहिजे ना. साहेब आले होते मशीनसंगं फोटो काढाले."

"कपाट फिरवा. मागं कडी आहे, कडी काढली का फ्यूज समोर. वेळ नाई लागत."

"मागं भिंत आहे भाऊ."

"मग गाडा ओढा."

"हलत होती मशीन. म्हणून सिमेंट मारलं," अजय म्हणाला, जसं एक चांगलं काम सांगावं तसं. "आता नाई हलत."

"ही मी बनवली आहे," प्रफुल म्हणाला. म्हणताना त्यालाच ते कसं तरी वाटलं.

अजयनं कपाटाकडं पाहिलं, त्यावरचं नाव पाहिलं, मग प्रफुलकडं पाहिलं. त्याला राग आला नव्हता. दिवसभरात असे लोक येतातच. "बरं. पेशंटच्या नातेवाईकाईनं बाहेर बसा."

प्रफुल बाहेर आला. बुधरीबाईनं बाकावर सरकून त्याला जागा दिली.

"काय म्हंते?"

"बंद आहे बाई."

"आपलीच हाय ना ती?"

"हो."

"तुले येते ना उघडाले?"

"येत होतं."

तिला मोठी खोकल्याची ढास आली. ती संपेपर्यंत प्रफुलनं तिच्या पाठीवर हात ठेवला. रांगेतले लोक दोन पावलं मागं सरकले. पदरानं तोंड पुसून तिनं त्या अर्ध्या दाराकडं एकदा पाहिलं.

"बंदच मशीन पाह्यची व्हती," ती म्हणाली, "तं तुह्या दवाखान्यातली जवळ पडत व्हती."